यादी करा, पण आपल्या कानांनी करा : खान्देशातल्या गिटारवाल्यांना खुले पत्र

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा, नंदुरबार इथल्या गिटार क्लासच्या शिक्षकांनो, ऑर्केस्ट्रातल्या माझ्या वादक मित्रांनो, आणि पाठीवर गिटारची काळी बॅग अडकवून स्कूटीवर फिरणाऱ्या मुलामुलींनो,

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात मोठा गिटारवादक कोण, हा तुमच्यातला वाद माझ्या कानावर येत असतो. क्लास सुटल्यावर चहाच्या टपरीवर, मांडवात साऊंड चेक चालू असताना, कार्यक्रम आटोपून रात्री परतताना गाडीत. एक जण हेन्ड्रिक्स म्हणतो, दुसरा जिमी पेज, तिसरा एडी व्हॅन हेलन. एखादी मुलगी डेव्हिड गिल्मूरचं नाव घेते आणि मागे हटत नाही. मग त्यातल्या त्यात वयाने मोठा म्हणून माझ्याकडे मोर्चा वळतो. "आबा, तुम्हीच सांगा, कोन मोठा शे?"

हा वाद मला मनापासून आवडतो, हे आधी सांगतो. "कलेत कुठे नंबर असतात का" असं म्हणून वाद मिटवून टाकणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. भीमसेन जोशी की कुमार गंधर्व, यावर रात्र रात्र भांडणारी माणसं होती म्हणून आपल्याकडे ऐकणारे कान तयार झाले. भांडायचं असेल तर पुन्हा ऐकावं लागतं आणि समोरचा काय ऐकतोय तेही ऐकावं लागतं. तेव्हा भांडा, खुशाल भांडा. माझं म्हणणं आहे ते तुमच्या पुराव्यांबद्दल. वाद रंगात आला की मोबाइल बाहेर निघतो आणि परदेशी मासिकाची यादी दाखवली जाते, नाहीतर सेकंदाला किती सूर वाजतात त्याचा हिशोब मांडला जातो. या दोन्ही मापांना माझा विरोध आहे आणि त्यासाठीच हे पत्र.

यादीचं आधी बघू. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाने 2003 मध्ये शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली, 2011 मध्ये नवी केली, 2023 मध्ये अडीचशे जणांची केली. हेन्ड्रिक्स तिन्ही वेळा पहिला. बाकीच्यांचं काय झालं ते बघा. एरिक क्लॅप्टन 2003 मध्ये चौथा, 2011 मध्ये दुसरा आणि 2023 मध्ये पस्तिसावा. ज्या रेकॉर्डवर त्याचं नाव झालं त्या साठ-सत्तरच्या दशकातल्या. त्यातला एकही सूर या वीस वर्षांत हललेला नाही. हलले ते यादी करणाऱ्यांचे कान.

सिस्टर रोझेटा थार्पचं उदाहरण तर याहून मोठं आहे. ही बाई 1938 पासून रेकॉर्ड करत होती. चर्चमधली भक्तिगीतं ती इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवायची की पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हणायला लागले त्याची चाल तिच्या हातात आधीच होती. ती 1973 मध्ये गेली. 2003 च्या शंभरांत ती नाही, 2011 च्या शंभरांतही नाही, आणि 2023 मध्ये एकदम सहावी. भुसावळच्या मुलांनी तिचं 1964 चं चित्रीकरण आवर्जून बघावं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी कार्यक्रम ठेवला होता. ती एका प्लॅटफॉर्मवर, श्रोते समोरच्या प्लॅटफॉर्मवर आणि मध्ये रूळ. पाऊस पडून गेलेला, सगळीकडे ओल. ती घोडागाडीतून उतरते, अंगात जाडजूड कोट, पांढरी गिटार गळ्यात घालते आणि पहिल्या फटक्याला समोरच्या प्लॅटफॉर्मवरची पोरं टाळ्यांचा ठेका धरतात. तिचा डावा हात बघा. गाताना ओळ जिथे संपते तिथून गिटार पुढचं वाक्य उचलते, श्वास घ्यायला मधे जागा सोडत नाही. हे ज्यांनी ऐकलं होतं त्यांना तिची जागा ठरवायला 2023 पर्यंत थांबायची गरज नव्हती.

म्हणून यादी वाचा, त्यातून नवी नावं उचला, पण वादात ती पुरावा म्हणून टेबलावर आपटू नका.

आता वेग. क्लासमध्ये मेट्रोनोम, म्हणजे ठेका मोजणारं यंत्र, लावून वेग वाढवून घेणं मला मान्य आहे, बोटं तयार व्हायलाच हवीत. पण वेग हेच श्रेष्ठत्वाचं माप धरलं की अमेरिकेतला ब्लूज वाजवणारा बी. बी. किंग बाद होतो. आणि ज्या मापाने बी. बी. किंग बाद होतो ते माप टाकून द्यायचं, किंगला नाही. हा माणूस गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. कॉर्ड्सच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांच्या, वाटेला तर तो फारसा जायचाच नाही. त्याचं सगळं वैभव एका सुरात होतं. डाव्या हाताची तर्जनी तारेवर रोवायची, अंगठा गिटारच्या मानेवरून सोडून द्यायचा, बाकीची बोटं पंख्यासारखी उघडी ठेवायची आणि मनगटातून पंजा थरथरवायचा. त्याने सूर असा हलतो की आंधळ्यालाही कळावं हा किंग आहे. हा कंप त्याने का शोधला? त्याचा चुलत-मावस नात्यातला भाऊ बुका व्हाइट काचेची नळी तारांवर घसरवून वाजवायचा. किंगला ते जमेना. तो घसरणारा, बोलणारा सूर नुसत्या बोटाने काढायच्या धडपडीतून हा कंप जन्माला आला.

हे वाचून आपल्या माणसाच्या डोक्यात लगेच मींड यायला हवी. आपण ज्या गाण्यावर वाढलो तिथे दोन सुरांच्या मधली वाट हीच खरी गंमत असते. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात बसणारा श्रोता गायकाने किती ताना मारल्या हे मोजायला येत नाही. षड्ज लागला की त्याची मान हलते. तोच श्रोता घरी येऊन गिटार ऐकताना एकदम स्टॉपवॉच का काढतो? आपलं माप आपल्याजवळ आहे, ते लावा. सूर कसा लागतो, लागल्यावर किती वेळ जिवंत राहतो, पुढच्या सुरावर कसा पोचतो.

हे माप लावलं की यादीत एक मोठं नाव आपोआप येतं : ब्रिजभूषण काब्रा. जोधपूरचे, 1937 चा जन्म, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी बार धरायचा, तो तारेवरून सरकवत अख्खा राग मांडायचा. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांनी 1967 मध्ये जी रेकॉर्ड केली ती आपल्याकडे अनेक घरांत आहे. तिच्यातलं संतूर कोणाचं, बासरी कोणाची हे सगळ्यांना पाठ असतं. गिटार कोणाची असं विचारलं की लोक कव्हर शोधायला उठतात. काब्रा 2018 मध्ये गेले. तुमच्या वादात त्यांचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : "आबा, ती हवाईयन. ती खरी गिटार नाही." मग ड्युएन ऑलमनचं काय करणार? 2003 च्या यादीत तो दुसरा होता. तो बोटात सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली घालून ती तारांवर सरकवायचा. बाटली चालते आणि बार चालत नाही, हा कुठला न्याय? त्याच यादीत आठवा असलेला राय कूडर 1992 मध्ये जयपूरच्या विश्वमोहन भट्टांबरोबर बसला. भट्टांनी गिटारला तरफेच्या, म्हणजे न छेडता झंकारणाऱ्या, तारा चढवून मोहनवीणा केली होती. त्या दोघांच्या रेकॉर्डला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. कूडरला समोरच्याच्या हातात गिटार दिसली. आपल्याला का दिसत नाही?

आणि जॉन मॅकलॉक्लिन. सत्तरच्या दशकात झाकीर हुसेन, एल. शंकर यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड काढला तेव्हा त्याने खास गिटार बनवून घेतली. मानेवरच्या दोन फ्रेट्सच्या (धातूच्या पट्ट्यांच्या) मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार हवी तितकी खेचता यावी, आणि छातीवर तिरप्या लावलेल्या अनुनादाच्या तारा. इंग्लंडमधला एक वादक आपल्या मापात बसावं म्हणून स्वतःचं वाद्य कोरून घेतो आणि आपण मात्र त्यांच्या मापात काब्रांना बसवायला जातो आणि बसले नाहीत म्हणून सोडून देतो.

हेन्ड्रिक्सबद्दल माझं मत विचाराल तर तो पहिलाच. यादीत आहे म्हणून नाही. तुम्ही त्याचे सोलो बसवता, दाताने वाजवल्याच्या गोष्टी सांगता. त्याचा रिदम बसवा. हा डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा बदलून वाजवायचा. लांब अंगठा मानेवरून पुढे काढून जाड तारेवरचा खर्ज धरायचा, त्यामुळे चारही बोटं मोकळी. त्या मोकळ्या बोटांनी तो कॉर्डच्या आत बारीक हरकती घेत राहतो. ताल, खर्ज, स्वर, सगळं एका हातात. मे 1967 ते ऑक्टोबर 1968 एवढ्या दीड वर्षात त्याचे तिन्ही स्टुडिओ अल्बम आले आणि सत्ताविसाव्या वर्षी, सप्टेंबर 1970 मध्ये तो गेला. अँपमधून येणारी शिट्टी हा दोष मानून बाकीचे ती दाबायला बघत होते. तो तिच्यातून सूर ओढून काढायचा आणि गायकाने आस धरावी तसा धरून ठेवायचा.

जँगो राइनहार्ट बऱ्याच मुलांना माहीत नाही, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. जन्म 1910, बेल्जियममधला, भटक्या समाजातला. 1928 मध्ये राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे सगळं भांडवल. त्याने उरलेल्या दोन बोटांवर सगळं वादन नव्याने रचलं. आपण चार बोटांनी एका जागी बसून आडवे जातो, तो दोन बोटांनी मानेवर उभा धावतो. आखडलेली बोटं कॉर्ड धरताना वरच्या तारांवर तेवढी टेकवायचा. त्यामुळे त्याच्या कॉर्ड्सही निराळ्या लागतात. 1934 मध्ये पॅरिसला व्हायोलिनवाल्या ग्राप्पेलीबरोबर त्याने जो तारवाद्यांचा संच उभा केला त्यात ढोल-ताशा काही नाही, तरी पाय थांबत नाहीत. पुढे बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाच्या पोराची कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली. तो गिटार सोडायला निघाला होता, तेव्हा तिथल्या फोरमनने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. मग त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली. त्याचा बँड 'ब्लॅक सॅबथ' ज्यांना आवडतो त्यांनी ते त्या रेकॉर्डचंही देणं आहे हे ध्यानात ठेवावं.

आता ऑर्केस्ट्रावाल्यांशी बोलतो, कारण मी तुमच्यातलाच आहे. आपण आयुष्यभर लोकांच्या लग्नात, गणपतीत, नवरात्रात ज्यांचे पीस वाजवले ते वादक कोण होते? 'दम मारो दम' (1971) सुरू करणारी गिटार आपल्यापैकी प्रत्येकाने वाजवलीय, आणि 'चुरा लिया है तुमने'ची (1973) पण. ती गिटार भूपिंदर सिंगची. हो, तोच गझल गाणारा भूपिंदर. दिल्लीच्या आकाशवाणीत गिटार वाजवायचा, मदनमोहननी त्याला मुंबईला गायला बोलावलं, आणि गायक म्हणून नाव झालं तरी पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, रेकॉर्डिंगला तो गिटार घेऊन बसत राहिला. 'कर्ज'मधली (1980) गिटार गोरख शर्माची. पडद्यावर ऋषी कपूर दिसतो, रेकॉर्डच्या कव्हरवर लक्ष्मीकांत-प्यारेलाल असतात, गोरख शर्मा कुठेच नाही. सिनेमाच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. ज्या गिटारवर दोन पिढ्यांचे कान पोसले गेले ती वाजवणाऱ्यांची नावं छापली नाहीत म्हणून ते 'श्रेष्ठ' या शब्दाच्या आसपासही येत नाहीत.

आणि आपणही तेच करतो. निवेदक गायकाचं नाव दोनदा घेतो, संगीतकाराचं घेतो, नायिकेच्या साडीचा रंगसुद्धा सांगतो. मागे गिटार घेऊन बसलेल्या माणसाचं नाव रात्रभर कोणी घेत नाही. मे महिन्यातल्या लग्नाचं काम तुम्हाला माहीत आहे. पारा पंचेचाळीसच्या वर, संध्याकाळी सातलाही मांडवाचं पत्र्याचं छत तापलेलं, दोन गाण्यांत तारा उतरतात, घामाने महिन्याभरात गंजतात. वादक गाण्याच्या मधल्या ओळीत, गायकाला कळू न देता, एका हाताने खुंटी पिळून सूर परत आणतो. हे कसब आहे आणि ते टाळ्यांच्या लायक आहे. निवेदक मित्रांनो, या मोसमापासून नावं घ्या. गाण्याच्या आधी मूळ गिटार कोणी वाजवली ते सांगा, मग आज कोण वाजवणार आहे ते सांगा. अर्धं मिनिट लागतं.

रिदम वाजवणाऱ्यांना कमी लेखणाऱ्या पोरांनी फ्रेडी ग्रीन ऐकावा. 1937 मध्ये काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं. सोलो जवळजवळ नाहीच. मात्रेला एक फटका, बस्स. तो फटका काढून टाका आणि अख्खा बँड कसा लंगडतो ते बघा.

सगळ्यात शेवटी, आणि माझ्या मनात सगळ्यात वर, एलिझाबेथ कॉटन. क्लासवाल्यांनो, हे जरा लक्षपूर्वक वाचा, कारण मुलीने प्रवेश घेतला की "गाण्याबरोबर चार कॉर्ड्स आल्या की पुरे" असं सांगणारे क्लास मी आपल्याच भागात पाहिलेत. ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली बाई, 1893 चा जन्म. डावखुरी. भावाचं वाद्य उलटं धरून शिकली, आणि हेन्ड्रिक्ससारख्या तारासुद्धा बदलल्या नाहीत. त्यामुळे जिथे सगळ्यांचा अंगठा खर्जावर असतो तिथे तिची बोटं, आणि चाल वाजवायला अंगठा. लहान असतानाच गाणं रचलं. मग लग्न, मूल, चर्च, लोकांच्या घरची धुणीभांडी, आणि गिटार कित्येक दशकं बंद. पुढे ती सीगर कुटुंबाकडे कामाला लागली. ते घर संगीतवाल्यांचं. भिंतीवरची गिटार तिने उतरवली, घरातल्या मुलांनी ऐकलं, त्यातल्या माइक सीगरने रेकॉर्ड केलं. पहिला अल्बम 1958 मध्ये आला तेव्हा तिचं वय पासष्ट. तिच्या उलट्या हाताची नक्कल आज जगभर सुलट्या हाताने करतात.

या बाईचं मोठेपण खान्देशाला समजावून सांगावं लागू नये. आसोद्याची बहिणाबाई शेतात आणि जात्यावर गात राहिली. लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी ते शब्द उतरवून घेतले म्हणून टिकले. ती 1951 मध्ये गेली, पुस्तक 1952 मध्ये आलं. कोणी टिपून घेतलं नसतं तर मराठी कवींच्या कुठल्याच यादीत ती नसती, आणि तिची गाणी मात्र तितकीच मोठी असती. त्या जिल्ह्यातल्या माणसांनी गिटारवादकांची यादी करताना नुसत्या नावाजलेल्यांवर थांबू नये, एवढा माझा आग्रह आहे. आणि क्लासमधल्या मुलींना कॉटनचं अंगठ्याचं वादन शिकवा. अवघड आहे, वर्ष जाईल, पण शिकवा.

माझे दहा मागाल तर देतो, पत्र लिहून स्वतःची यादी लपवणं बरोबर नाही. हेन्ड्रिक्स, जँगो, बी. बी. किंग, रोझेटा थार्प, ब्रिजभूषण काब्रा, एलिझाबेथ कॉटन, फ्रेडी ग्रीन, भूपिंदर सिंग. नववा पाको दे लुसिया, कारण फ्लेमेन्को या स्पॅनिश संगीताच्या तालात तो ज्या धिटाईने समेवर येतो ती मी फक्त चांगल्या तबलजीत पाहिलीय. दहावा वेस मॉन्टगोमेरी, पिक (तार छेडायची पट्टी) न धरता नुसत्या अंगठ्याने वाजवायचा, आणि त्याच्या सप्तकाच्या जोड्या ऐकल्यावर गोलाई म्हणजे काय ते कळतं. पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार वाजवणाऱ्या सेगोव्हियाला बाहेर ठेवताना मला त्रास झाला.

क्लॅप्टन नाही, पेज नाही, गिल्मूर नाही, व्हॅन हेलनही नाही. यावर तुम्ही चिडणार हे मला माहीत आहे, आणि तुमच्याकडे उत्तर असेल तर ते मला हवंच आहे. फक्त यादी घेऊन येऊ नका. एक रेकॉर्डिंग आणा, कितव्या मिनिटाला काय ऐकायचं ते सांगा, आणि तेवढा तुकडा तीनदा ऐकू. रविवारी सकाळी मी घरी असतो, स्पीकर चांगला आहे. व्हॅन हेलनवाल्यांनी 1978 चा पहिला अल्बम आणावा, माझं मन त्याच्या बाबतीत अजून पक्कं झालेलं नाही.

आपला,
भुसावळचा एक ऑर्केस्ट्रा गिटारवादक